चौदा वर्षे भाडे भरणारी बाई 'कोण'? पोटभाडेकरूंच्या हक्काचा न विचारलेला प्रश्न

"तुम्ही कोण?"

मध्य मुंबईतल्या एका पागडीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या दारात उभे राहून घरमालकाच्या माणसाने आमच्या एका ताईंना हा प्रश्न विचारला. ताई त्या खोलीत 2009 पासून राहतात. प्रश्न विचारला गेला 2023 मध्ये. म्हणजे चौदा वर्षे दर महिन्याला ज्या माणसाने त्यांच्याच हातून भाडे नेले, तोच माणूस त्यांना विचारत होता की तुम्ही कोण. ताई जालना जिल्ह्यातल्या. नवरा वारला, दोन मुले पदरात, एका रुग्णालयात कंत्राटी सफाईचे काम. दहा बाय बाराची ती खोली एका निवृत्त गिरणी कामगाराच्या नावावर होती. म्हातारबाबा आपल्याच समाजातले. मुलाने बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हा ते तिकडे राहायला गेले आणि इकडची खोली त्यांनी ताईंना दिली. डिपॉझिट पन्नास हजार, भाडे सुरुवातीला अठराशे, शेवटी साडेसहा हजार. सगळे रोख. घरमालकाची पावती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बाबांच्याच नावाने फाटत होती आणि तिच्यावरचा आकडा होता महिना अठ्ठ्याहत्तर रुपये!

बाबा गेले. त्यांच्या मुलाने घरमालकाशी बोलणी केली, पैसे घेतले आणि 'आम्ही खोलीवरचा भाडेहक्क सोडत आहोत' असे लिहून दिले. ताईंना कुणी विचारले नाही, कळवलेही नाही. कळले ते दारात आलेल्या त्या प्रश्नातून, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या आठ दिवसांच्या मुदतीतून. आमच्याकडे आल्या तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, मी चौदा वर्सं भाडं भरलं, ते कुणाचं भरलं मग?"

आम्ही समाजकार्य करणारे लोक, वकील नाही. पण या एका प्रश्नाने आम्हाला भाडे कायदा वाचायला लावला. जे वाचले आणि त्यानंतर इतर वस्त्यांमध्ये जे पाहिले, त्यावरून आमचे मत ठाम झाले आहे. मूळ भाडेकरूचा हक्क संपला की पोटभाडेकरूचे काय, हा प्रश्न आपल्या समाजासाठी वकिली किचकटपणाचा नाही. तो जातीचा प्रश्न आहे, आणि आपण त्याकडे कधी त्या नजरेने पाहिलेले नाही.

ताईंनी सांगितलेली एक गोष्ट आधी लिहितो. चौदा वर्षे त्या चाळीत 'बाबांची पुतणी' म्हणून राहिल्या. बाबांनीच तसे सांगायला सांगितले होते. कारण पोटभाडेकरू ठेवल्याचे सिद्ध झाले तर घरमालकाला मूळ भाडेकरूविरुद्ध ताब्याचा दावा लावता येतो. म्हणून शेजारी, शाळा, रेशनवाला, सगळ्यांना एकच उत्तर : पुतणी. ज्या नात्याने खोली मिळाली त्याच नात्याने हक्क गेला, कारण पुतणी म्हणजे पाहुणी. पाहुणीला कसली आली पावती?

हे ऐकताना आम्हाला 1917 सालचे बडोदे आठवले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत, वहीत पारशी नाव लिहून, त्यांना खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच होता की तू कोण आहेस. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली आणि बाबासाहेब मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. तो प्रसंग आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो, डोळे ओले करतो. पण त्यातली एक बाब आपल्या लक्षात येत नाही. आपल्या नावावर घर मिळत नाही म्हणून माणूस दुसऱ्याच्या नावावर राहतो, आणि दुसऱ्याच्या नावावर राहिलेल्या माणसाला नोटीस द्यायची कुणाला गरज वाटत नाही. ताई आणि बाबासाहेब यांच्यामध्ये शंभरहून अधिक वर्षे गेली, पण ही रीत तशीच आहे.

'आता कुठे राहिली जात' म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2015 सालचा अभ्यास वाचावा. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याने घर शोधणाऱ्या दलित आणि मुस्लिम अर्जदारांना केवळ नावावरून कशी नकारघंटा मिळते, ते त्यांनी प्रत्यक्ष चाचणी घेऊन दाखवले. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले हे रोज अनुभवतात. पेठेतला फ्लॅट घ्यायचा तर चौघांपैकी ज्याचे आडनाव 'चालण्यासारखे' आहे तो पुढे होतो, अकरा महिन्यांचा करार त्याच्या एकट्याच्या नावावर होतो, आणि कांबळे, वानखेडे, सोनवणे मागच्या दाराने आत येतात. तो मित्र पास होऊन गेला किंवा नापास होऊन गावी गेला की करार संपतो. मग मालकीण काकू उरलेल्यांना एकेक करून आडनाव विचारतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. थोडे सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर आपले लोक एक तर घाबरून खोली सोडतात किंवा खोट्या आशेवर बसून राहतात.

इंग्रजांच्या काळातला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा या बाबतीत आजच्या कायद्यापेक्षा उदार होता, हे वाचून आम्हालाही आश्चर्य वाटले. त्याच्या कलम 108 नुसार करारात मनाई नसेल तर भाडेपट्टेदाराला पोटभाडेकरू ठेवता येतो. आणि कलम 115 सांगते की मूळ भाडेपट्टेदाराने आपणहून पट्टा सोडून दिला, म्हणजे मालकाच्या हवाली केला, तर त्यापूर्वी रीतसर दिलेल्या पोटभाडेपट्ट्याला धक्का लागत नाही. पोटभाडेकरू त्याच अटींवर राहतो, फक्त भाडे आता थेट मालकाला देतो. मात्र मूळ भाडेकरूने अटी मोडल्या म्हणून पट्टा जप्त झाला, तर पोटपट्टाही त्याच्याबरोबर जातो. तिथे अपवाद जप्ती कपटाने घडवून आणल्याचा. यातला न्याय साधा आहे. दोन माणसांनी आपसात समजुतीने व्यवहार संपवला, तर त्याची किंमत तिसऱ्याने मोजायची नाही.

पुढे 1947 चा मुंबई भाडे कायदा आला आणि त्याने हे उलटे केले. पोटभाडेकरू ठेवायला कलम 15 ने बंदी घातली. मालकाशी झालेल्या करारात मुभा असेल तरच परवानगी. बंदीमागचे कारण आम्ही नाकारत नाही. गोठलेल्या भाड्याची जागा घेऊन ती दामदुप्पट भाड्याने पुढे देणारे दलाल मुंबईत होतेच. पण बंदी घालून पोटभाडेकरू संपले का? ते चोरून राहू लागले, एवढेच. शेवटी सरकारलाच वास्तव मान्य करावे लागले. 1959 साली त्या वर्षीच्या 21 मे पर्यंतच्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. पुढे 1 फेब्रुवारी 1973 ही तारीख आली. त्या दिवशी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू मानण्यात आले आणि नंतरच्या दुरुस्तीने त्या तारखेपूर्वीच्या पोटभाडेकरूंनाही तेच छत्र मिळाले. म्हणजे दोन वेळा कायद्याने कबूल केले की प्रत्यक्ष राहणारा माणूस ही खरी गोष्ट आहे आणि कागद तिच्या मागून यायला हवा.

1973 नंतर पन्नास वर्षे झाली. तिसरी तारीख आलेली नाही.

आज लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, जो 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याचे कलम 25 नेमके आपल्या विषयावर आहे. मूळ भाडेकरूचा हक्क कोणत्याही कारणाने संपुष्टात आला, तर कायदेशीर पोटभाडेकरू हा त्याच अटींवर थेट घरमालकाचा भाडेकरू झाला असे मानले जाईल, असे ते म्हणते. वाचताना बरे वाटते. पण 'कायदेशीर' या शब्दाला दोनच दरवाजे आहेत. एक तर पोटभाडेकरार कायदेशीर असून कायदा लागू झाला त्या दिवशी तो चालू असला पाहिजे, किंवा घरमालक आणि मूळ भाडेकरू यांच्यातल्या करारात पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा असली पाहिजे. दोन्ही नसेल तर कलम 26 ची बंदी आडवी येते. ताई 2009 मध्ये आल्या, तेव्हा पहिला दरवाजा बंद. बाबांच्या हातात एका जुन्या पावतीशिवाय घरमालकाचा कसलाच करार नव्हता, तेव्हा दुसराही बंद.

मग आम्ही म्हटले, घरमालकाचा माणूस चौदा वर्षे ताईंच्या हातून भाडे नेत होता, ही संमती नव्हे का? आमच्या दृष्टीने आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीने आहे. पण न्यायालयात माहीत असणे आणि संमती देणे यांत फरक केला जातो, आणि पावतीवर तर बाबांचेच नाव. आम्ही ज्या वकील मित्राला विचारले त्याने हे स्पष्टच सांगितले, लढता येईल पण यावर विसंबू नका.

आणखी एक फट आहे, आणि ती फार वाईट आहे. मालकाने मूळ भाडेकरूविरुद्ध दावा लावताना पोटभाडेकरूला त्यात पक्षकार करणे बंधनकारक नाही. रूपचंद गुप्ता विरुद्ध रघुवंशी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 सालीच म्हटले आहे की पोटभाडेकरूला दाव्यात घेतले नाही एवढ्यावरून हुकूमनामा संगनमताचा ठरत नाही. संगनमत झाले असेल तर ते पोटभाडेकरूने सिद्ध करायचे! ज्या दोघांनी बंद खोलीत बसून व्यवहार केला, त्यांचे संगनमत त्या खोलीबाहेर ठेवलेल्या बाईने सिद्ध करायचे. घरी बेलिफ येतो तेव्हाच तिला कळते की आपल्या घराचा खटला झाला आणि संपला.

मग हातात काहीच नाही का? आहे.

पहिली गोष्ट, या कायद्यातल्या 'घरमालक' या शब्दाच्या व्याख्येतच पोटभाडेकरूच्या संदर्भात त्याला जागा देणारा मूळ भाडेकरूही येतो. कलम 7 काढून बघा. म्हणजे आपल्या ताईंपुरते बाबाच घरमालक होते. त्यामुळे भाडे घेतल्याची पावती देण्याची जबाबदारी बाबांची होती. लेखी, नोंदणीकृत करार करण्याची जबाबदारीही कलम 55 ने घरमालकावर टाकली आहे. तो केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि करार नसताना अटींबाबत वाद झाला तर भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलटे सिद्ध होत नाही तोवर. याचा उपयोग वरच्या घरमालकाविरुद्ध फारसा होत नाही, पण डिपॉझिट बुडवू पाहणाऱ्या मूळ भाडेकरूच्या वारसाविरुद्ध नक्की होतो.

दुसरी गोष्ट, हक्क असो वा नसो, न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही घराबाहेर फेकता येत नाही. ताई कामावर असताना कुलूप बदलण्याचा प्रयत्न झाला. शेजारच्या मावशींनी फोन केला म्हणून आम्ही पोहोचलो. पोलीस ठाण्यात नेहमीचे उत्तर मिळाले, हा दिवाणी मामला आहे. आम्ही म्हटले, अगदी बरोबर, दिवाणी आहे म्हणूनच कुलूप लावणाऱ्याने आधी दिवाणी न्यायालयात जावे. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, कुलूप निघाले. कुणाला असे बळाने बाहेर काढलेच असेल, तर विशिष्ट सहाय्य अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. सहा महिने मात्र विसरू नका. आपले लोक 'बघू, बोलू, मार्ग निघेल' म्हणत सातव्या महिन्यात येतात. पाणी किंवा वीज तोडून छळणे हेही कलम 29 खाली गुन्ह्याचे काम आहे.

तिसरी गोष्ट, जो खरोखर कलम 25 मध्ये बसतो, म्हणजे ज्याच्याकडे जुने पुरावे आहेत किंवा मालकाची परवानगी आहे, त्याने बेलिफ आला तरी हात जोडून खोली खाली करू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 मधील नियम 97 ते 101 नुसार त्याचा स्वतंत्र हक्क त्याच न्यायालयाला तपासावा लागतो. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पेठेतल्या मुलांसाठी एक स्वतंत्र सूचना. तुमचा अकरा महिन्यांचा कागद लीव्ह अँड लायसन्सचा आहे. तो भाडेकरार नाही, आणि त्यावर तुमचे नाव नसेल तर तुम्ही पोटभाडेकरूही नाही. मुदत संपल्यावर बसून राहिलात तर कलम 24 खाली दुप्पट भरपाई लागू शकते, तीही ज्या मित्राने तुम्हाला आत घेतले त्याच्या बोकांडी बसेल. तेव्हा चौघांची नावे करारात घालण्याचा आग्रह सुरुवातीलाच धरा. घर हातचे जाईल ही भीती खरी आहे, आम्ही स्वतः विद्यार्थी असताना त्याच भीतीने गप्प बसलो होतो.

अॅट्रॉसिटी कायद्याबद्दलही विचारणा होते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणे हा त्या कायद्याच्या कलम 3(1)(झेड) खाली गुन्हा आहे आणि आपण बौद्ध झालो म्हणून 1990 नंतर त्या संरक्षणाबाहेर नाही. पण न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या ताब्याला तो लागत नाही, आणि समोरचा मूळ भाडेकरू आपल्यातलाच असेल तर तो लागण्याचा प्रश्नच नाही. जिथे लागतो तिथे जरूर लावा. नको तिथे लावून त्याची धार घालवू नका.

आता जे लिहायचे आहे ते काहींना आवडणार नाही.

गेल्या दीड वर्षात आमच्यासमोर अशी नऊ कुटुंबे आली. त्यांतल्या सहा ठिकाणी मधला माणूस, म्हणजे मूळ भाडेकरू, आपल्याच समाजाचा होता. ज्याला गिरणीच्या, गोदीच्या किंवा महापालिकेच्या नोकरीमुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वी शहरात खोली मिळाली, त्याची पुढची पिढी कल्याण, बदलापूर, पनवेलला गेली आणि जुन्या खोलीत गावाकडून आलेला आपलाच गरीब नातलग किंवा ओळखीचा भाड्याने बसला. इथवर ठीक आहे. एकमेकांना आधार दिला म्हणूनच आपण या शहरात टिकलो. पण भाडे पाचपट, पावती शून्य, आणि पुनर्विकासाची पाटी लागली की 'खोली आमची, तू पाहुणा' ही कुठली भाषा आहे? अठ्ठ्याहत्तर रुपये वर द्यायचे, साडेसहा हजार खालून घ्यायचे आणि जमिनीवर राबणाऱ्याला नाव द्यायचे नाही, याला कोकणात एक शब्द होता. खोत.

बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता. सारा सरकारला भरायचा आणि त्याच्या कितीतरी पट कुळाकडून काढायचा. चरीच्या शेतकऱ्यांचा संप त्या वेळी चालूच होता. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयकातली मुख्य कल्पना काय होती? मधला खोत काढून टाका, आणि ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात जमीन आहे, जो ती कसतो, त्याला सरकारचा थेट खातेदार करा. खोताला मोबदला द्या, पण कुळाला उठवू नका. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही, खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण तत्त्व त्यात स्वच्छ आहे. मधला गेला की खालचा वर येतो, तो त्याच्याबरोबर बाहेर जात नाही.

शहरातल्या खोलीला हेच तत्त्व का लागू नये? आमची मागणी याच धर्तीची आहे. कलम 25 मध्ये दुरुस्ती करून 1973 नंतरची नवी तारीख ठरवावी. त्या तारखेपूर्वी सलग किमान पाच वर्षे प्रत्यक्ष राहिल्याचा पुरावा, मग तो मुलांच्या शाळेचा दाखला असो, रेशनकार्ड असो की मतदार यादी, ज्याच्याकडे आहे त्याला मूळ भाडेकरूचा हक्क संपताच थेट भाडेकरू मानावे. बेकायदा पोटभाडे घेतल्याची शिक्षा घेणाऱ्याला व्हावी, देणाऱ्याला नको. आणि ताब्याच्या प्रत्येक दाव्यात प्रत्यक्ष राहणाऱ्याला पक्षकार करणे सक्तीचे करावे. ही शेवटची मागणी तर सरकारला एक पैसाही खर्च करायला लावत नाही.

घरमालक म्हणतील, ज्याला आम्ही निवडले नाही तो आमच्या गळ्यात का? त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे. अठ्ठ्याहत्तर रुपयांत इमारत दुरुस्त होत नाही, हेही आम्हाला दिसते. म्हणून नव्या भाडेकरूकडून वाजवी, वाढीव भाडे घेण्याची मुभा त्यांना असावी. ताई साडेसहा हजार भरतच होत्या, त्यातले दोन हजार जरी घरमालकाला मिळाले असते तरी जिना पडला नसता. पण 'निवडले नाही' हे पूर्ण खरे नाही. चाळीत कोण राहतो हे मालकाला माहीत असते. पागडी फिरते तेव्हा तो आपला हिस्सा घेतो आणि नव्या माणसाच्या नावाने पावती फाडतो, ते 1999 च्या कायद्याने वैधही केले आहे. पैसे मोजणारा अनोळखी माणूस चालतो. पैसे नसलेली चौदा वर्षांची ओळख चालत नाही.

आणि तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू. ज्यांच्या जुन्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत त्या समाजबांधवांना आमचे सांगणे आहे की घरमालकाची लेखी परवानगी मागा, भाड्याची पावती द्या, हक्क सोडण्याआधी आत राहणाऱ्याला विचारा, जी रक्कम मिळेल त्यात त्याचा वाटा ठेवा. विहारात रविवारी वंदना झाल्यावर यावर पंधरा मिनिटे बोला. आम्ही दोन विहारांत बोललो. एका ठिकाणी लोक उठून गेले. दुसऱ्या ठिकाणी एक निवृत्त शिक्षक नंतर आमच्याजवळ आले आणि पावतीपुस्तक कुठे मिळते ते विचारून गेले. भाड्याने राहणाऱ्यांनी निदान यापुढे भाडे रोख देऊ नये, मोबाइलवरून द्यावे आणि 'अमुक महिन्याचे भाडे' असे त्यात लिहावे. मी पुतणी आहे असे कुठल्याही कागदावर लिहून देऊ नये.

ताईंच्या बाबतीत, बाबांचा मुलगा डिपॉझिटपैकी तीस हजार द्यायला तयार झाला आहे, बाकीच्या वीस हजारांसाठी आम्ही त्याच्या दारात जाणे सोडलेले नाही. घरमालकाने लघुवाद न्यायालयात दावा लावला तो फक्त मुलाविरुद्ध. मुलगा हजर राहून सगळे कबूल करणार हे उघड आहे. ताईंनी आपल्याला त्यात पक्षकार करून घ्यावे असा अर्ज विधी सेवेच्या वकिलामार्फत दिला आहे. त्यांच्या मुलीने तो अर्ज दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, कारण त्यात पहिल्यांदाच त्या खोलीच्या पत्त्यासमोर तिच्या आईचे नाव छापलेले होते. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी त्या दिवशी धोबी तलावच्या कोर्टात सकाळी साडेदहाला यावे.

जय भीम.